स्वभावाची पारख

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, जेथे वसईची खाडी समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी दिवसातून दोन वेळा सखल जमिनीत शिरून परत जाते, तेथे मीरा-भाईंदर नावाचे शहर वसले आहे. परंतु शहर या नात्याने त्याचे वय अद्याप फार कोवळे आहे. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपालिका स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. त्यापूर्वी येथे जे होते ते म्हणजे भाईंदर, नवघर, खारी, गोडदेव, मीरे, काशी, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन अशी गावे, त्या गावांतील आगरी, कोळी आणि ख्रिस्ती वस्ती, भातखाचरे, मासेमारीच्या होड्या आणि दूरवर पसरलेली मिठागरे. वसईच्या मोहिमेत ज्या धारावीच्या ठाण्यासाठी मराठे आणि फिरंगी यांच्यात निकराची झुंज झाली, ते ठाणे याच परिसरातील टेकडीवर होते. आणि १८६७ साली विरारहून मुंबईस पहिली गाडी गेली तीही याच खाडीवरील पुलावरून. म्हणजे लढाईचा आणि रेल्वेचा इतिहास या भूमीस लाभला, परंतु कोल्हापूर-सांगलीकडे गल्लोगल्ली आढळणाऱ्या तालमींची परंपरा मात्र येथे रुजली नाही.

याचा अर्थ येथील शरीरे दुबळी होती असा कोणी करू नये. मिठागरात चिखल तुडवून बांध घालणे, कोंड्यांत साठलेले मीठ ओढून त्याची रास करणे, भरलेली टोपली डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरून बंदरापर्यंत चालत जाणे, किंवा उत्तनच्या कोळ्याप्रमाणे पहाटेच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन होडी समुद्रात लोटणे, ही कामे ज्या शरीराला करावी लागतात त्याला वेगळ्या व्यायामाची गरज क्वचितच पडते. भाताची कापणी झाली की मोकळ्या झालेल्या शेतात हुतुतूचे डाव रंगत, आणि आगरी गावांत कबड्डीची जी ओढ आजही दिसते तिचे मूळ त्या कापलेल्या शेतांत आहे. बळ होते, चपळता होती, दमही होता. नव्हते ते मुलाकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवणारे डोळे. खेळाच्या इतिहासाकडे मी या दृष्टीने पाहतो, आणि एखाद्या तरुण खेळाडूच्या यशाचे श्रेय आपण जेव्हा त्याच्या जिद्दीला, धैर्याला किंवा शांत चित्ताला देतो, तेव्हा ते गुण त्याच्या अंगी कोठून आले आणि ते कोणी ओळखले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न फार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांचे वर्ग केवळ देहाच्या आकारावरून पाडलेले नसून वय आणि सामर्थ्य हेही विचारात घेतलेले आहे, आणि वीस वर्षांखालील मल्लाला ‘भविष्णु’ अशी संज्ञा दिली आहे. वीस वर्षांच्या आतील मुलाचा निकाल लागलेला नाही, तो अजून घडतो आहे, अशी समज आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या राजदरबारी ग्रंथात असावी, ही गोष्ट मला विशेष वाटते. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांची जी आख्यायिका सांगितली जाते, तिच्यातही हेच सूत्र आहे. हैदराबादच्या निजामाकडील अली आणि गुलाब या नामांकित मल्लांनी पुण्याच्या दरबारास आव्हान दिले, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटाने ते स्वीकारले. सप्तशृंगीच्या डोंगरावर राहून झाडांवरील वानरांच्या हालचाली पाहता पाहता त्याला मल्लखांबाची युक्ती सुचली आणि त्या बळावर त्याने अलीस चीत केले, असे ती आख्यायिका सांगते. तिचा ऐतिहासिक तपशील कसाही असो, ती रचणाऱ्यांनी विजयाचे कारण म्हणून बळ सांगितले नाही; एकांतात बसून निरीक्षण करण्याची आणि उतावीळ न होण्याची वृत्ती सांगितली.

तालमीतील व्यवहार पाहिला म्हणजे ही दृष्टी ग्रंथांपुरती नव्हती हे ध्यानात येते. दहा-बारा वर्षांचा पोरगा वस्तादाच्या हवाली केला जाई तेव्हा त्याला लगेच डाव शिकवीत नसत. हौद्यातील लाल माती उकरावयाची, ती चाळून त्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळावयाचे, थोरल्या पैलवानांचे अंग रगडावयाचे, पहाटे उठून जोर-बैठकांची मेहनत करावयाची, आणि हे सर्व कित्येक महिने केल्यानंतर मग जोड मिळावयाची, असा तेथील शिरस्ता होता. वरवर पाहणाऱ्यास ही निव्वळ सेवा वाटेल; परंतु वस्ताद त्या काळात आपल्या पट्ठ्याची परीक्षा पाहत असे. कोण कंटाळतो, कोण पडल्यावर रागावतो, कोण हरल्यावर दुसऱ्या दिवशी येत नाही, कोणाचा हात धरला की श्वास फुलतो, कोण बलवान जोडीशी खडाखडी करताना डोळे खाली घालतो, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे. ती वस्तादाच्या स्मरणात राही. विशेष म्हणजे या नोंदीवरून मुलाला घरी पाठविण्याचा प्रघात फारसा नव्हता. उतावळ्याला बचावाचे डाव आधी शिकवीत, भित्र्याला त्याच्याहून हलकी जोड देत, आणि रागीट पोराला मुद्दाम शांत डोक्याच्या थोरल्या पैलवानाबरोबर झुंजवीत. स्वभाव ही ज्या कामाची सुरुवात होती, त्या कामाची मुदत पाच-सात वर्षांची असे.

या व्यवस्थेला दोष होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. तालीम मुलींसाठी बंद होती. अनेक ठिकाणी जातीची मर्यादा होती. आणि वस्ताद चांगला निघाला तर मुलाचे कल्याण, नाही तर हाल, असा सगळा दैवाचा भाग होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या संस्था निघाल्या त्यांनी या दैवाधीनतेला नियमांचा बांध घालण्याचा प्रयत्न केला. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि तेथे खो-खोसारख्या देशी खेळांच्या नियमांना आकार आला. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून श्वास आणि शरीर यांच्या अभ्यासाला प्रयोगशाळेत आणले. बडोद्यास माणिकरावांच्या व्यायाममंदिराने आखाड्याची शिस्त टिकविली आणि दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड सिद्ध केले. हे कार्य मोठे होते. परंतु शाळेच्या वेळापत्रकात व्यायाम शिरला तो कवायतीच्या रूपाने, आणि कवायतीत साठ मुले एका हुकुमाखाली एकाच वेळी हात वर करतात. तेथे एकेका मुलाच्या स्वभावाकडे पाहण्याची सोय राहत नाही. नियम आले, मैदाने आखली गेली, ढाली आणि करंडक आले. वस्तादाची दीर्घ, व्यक्तिगत नजर मात्र पातळ होत गेली.

ती नजर जेथे टिकली तेथे काय घडू शकते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते, घरातील पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. शरीराने ते मुळीच भव्य नव्हते. महाराष्ट्रातील प्रेक्षकांना पैलवान म्हटले म्हणजे जो देह डोळ्यांसमोर येतो त्याच्या शेजारी हा मुलगा उभा केला असता कोणी त्याला कुस्तीगीर म्हटले नसते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले, आणि ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे विशाल मैदान उभारून कुस्तीला राजाश्रय दिला होता, तेथील मातीत त्यांची घडण झाली. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूर दरबारने उचलला होता. मातीवर वाढलेल्या या मल्लाने तेथे गादीवरील कुस्तीत सहावा क्रमांक मिळविला.

पुढील चार वर्षांत खाशाबांनी जे केले त्याला चिकाटी म्हणतात आणि ते योग्यच आहे. गादीवरच्या कुस्तीला वेगळे डाव लागतात हे ओळखून त्यांनी आपली सगळी पद्धत पुन्हा बांधली, वजनाचा वरचा गट निवडला, आणि हेलसिंकीसाठी निवड होताना आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यावर ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी ती जिंकली, असा वृत्तान्त आहे. तथापि निवड झाली म्हणजे हेलसिंकीला पोहोचता येते असे नव्हते. सरकारदरबारी अर्ज करून पुरेसा पैसा मिळेना, तेव्हा गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्ये बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्या मिरवणुकीनंतर खाशाबांनी पहिले काम केले ते कुस्त्यांचे सामने भरवून प्राचार्यांचे कर्ज फेडण्याचे.

या वृत्तान्तात मला सर्वांत मोठे वाटते ते खर्डेकरांचे गहाणखत. कुस्तीगिराची जिद्द आपण पदकात पाहतो; परंतु त्या जिद्दीवर आपले घर लावण्याइतका विश्वास दुसऱ्या माणसास वाटला, आणि तो वाटला कारण त्या माणसाने त्या विद्यार्थ्याला रोज पाहिले होते, हा भाग आपल्या क्रीडावाङ्मयात फार थोड्या जागेत उरकला जातो. खाशाबांचा स्वभाव त्यांचाच होता यात संशय नाही. पण त्याच स्वभावाचा एखादा मुलगा, गहाण ठेवण्यासारखे घर असलेला प्राचार्य ज्याला भेटला नाही असा, कऱ्हाडच्याच दुसऱ्या एखाद्या गावात शेत नांगरीत राहिला असेल, तर त्याला आपण चिकाटी नसलेला म्हणू काय? पुढे खाशाबा पोलीस खात्यात दाखल झाले, १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. ज्या शासनाने त्यांना पाठविताना हात आखडला त्याने त्यांची कदर करण्यासही विलंब लावला.

पश्चिमेकडे याच सुमारास स्वभाव आणि खेळ यांचा संबंध मोजण्याचे शास्त्र आकार घेत होते. त्याचा आरंभ १८९८ साली झाला असे मानतात. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अभ्यासकाने पाहिले की सायकलस्वार एकटा धावण्यापेक्षा दुसऱ्याच्या संगतीने अधिक वेगाने धावतो. मग त्याने चाळीस मुलांना दोरी गुंडाळण्याच्या फिरकीवर बसविले आणि एकट्याने व जोडीने गुंडाळण्याचा वेळ मोजला. निम्मी मुले स्पर्धेत वेगवान झाली. दहा मुलांवर काही परिणाम झाला नाही. आणि उरलेली दहा मुले जोडीदार समोर येताच इतकी उत्तेजित झाली की त्यांचा हात अडखळू लागला व वेग घटला. या शेवटच्या दहांचा उल्लेख लोक विसरतात. मला तर त्या सगळ्या प्रयोगातील तेच मूल्यवान वाटते, कारण कोणत्याही मैदानावरच्या निवडचाचणीत पहिल्या तासात बाद होणारी मुले नेमकी याच जातीची असतात.

१९२५ साली इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. पुढे प्रश्नावल्यांचे युग आले, आणि १९६० नंतर कॅलिफोर्नियातील ब्रूस ओगिल्वी व थॉमस टुटको या दोघांनी खेळाडूंच्या स्वभावाची मोजणी हा जवळजवळ स्वतंत्र व्यवसायच करून टाकला. महत्त्वाकांक्षा, चिवटपणा, आत्मविश्वास, भावनांवरील ताबा, प्रशिक्षकावरील भरवसा अशा गुणांना अंक देऊन कोणता तरुण यशस्वी होईल हे आधीच सांगता येईल, अशी आशा त्या काळी अनेकांना वाटत होती. मग विद्वानांत तट पडले. एक पक्ष म्हणे की स्वभावाच्या चाचणीवरून यश ओळखता येते. दुसरा म्हणे की या चाचण्यांतून काहीही निष्पन्न होत नाही. आणि विल्यम मॉर्गन यांच्यासारख्यांनी १९८० च्या सुमारास दोन्ही टोकांमधील भूमिका मांडून दाखविले की यशस्वी खेळाडूंच्या मनःस्थितीत उत्साह अधिक आणि नैराश्य, क्रोध, गोंधळ, थकवा कमी असे सामान्यतः आढळते. ओगिल्वी-टुटको यांनी स्वतःच १९७१ साली हजारो खेळाडूंच्या तपासणीनंतर कबूल केले की खेळ चारित्र्य घडवितो असा पुरावा त्यांना सापडला नाही. ज्यांच्या अंगी ते गुण आधीच आहेत तेच मोठ्या पायरीपर्यंत टिकतात, बाकीचे वाटेत गळतात. गेल्या तीस-चाळीस वर्षांतील अभ्यासांचा कलही साधारणपणे असा आहे की नियमितपणा आणि मनाचे स्थैर्य या दोन गुणांचा यशाशी संबंध आहे, परंतु तो इतका माफक आहे की समोर उभ्या असलेल्या एका मुलाचे भवितव्य त्यावरून वर्तविता येत नाही.

मुले गळतात हे त्यांनी बरोबर टिपले. पण का गळतात याचे उत्तर स्वभावातच शोधावे, हा त्या काळच्या शास्त्राचा हेका मला पटत नाही. शिकागोचे बेंजामिन ब्लूम यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पियानोवादक, शिल्पकार, गणितज्ञ, ऑलिंपिक जलतरणपटू आणि टेनिसपटू अशा एकशेवीस असामान्य व्यक्तींच्या बालपणाचा मागोवा घेतला, आणि त्यांत फार थोड्यांना लहानपणी कोणी असामान्य मानले होते असे दिसून आले. जवळजवळ प्रत्येकाच्या मागे मात्र घरातील कोणीतरी वेळ मोडणारे माणूस आणि एकामागून एक भेटलेले, दीर्घकाळ साथ देणारे शिक्षक होते. आपल्या तालमीतील वस्तादाला हा निष्कर्ष नवा वाटला नसता.

मुंबईच्या मैदानांचा इतिहास हेच निराळ्या भाषेत सांगतो. हॅरिस शील्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, जाइल्स शील्ड तिच्या पाठोपाठ आली, कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाऊ लागली, आणि या सर्वांतून मुंबईच्या क्रिकेटपटूचा जो स्वभाव घडला त्याला लोक कौतुकाने ‘खडूस’ म्हणतात. ओल्या खेळपट्टीवर तग धरल्याने आणि कोणास फुकट धाव न देण्याच्या संवयीने तो घडला हे खरे. पण त्या मैदानावर पाऊल ठेवण्याची मुभा सर्वांस समान नव्हती. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात दरमहा काही रुपयांवर खेळपट्टी राखणारे पळवणकर बाळू यांनी कॅप्टन ग्रेग यांना तासन् तास गोलंदाजी केली, तीतून त्यांच्या डावऱ्या हाताला अचूकता आली, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही त्यांच्याच हिंदू संघात चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. असा अपमान सोसूनही जो टिकला त्याच्या धैर्यापुढे मी नतमस्तक होतो, परंतु जी माणसे तो सोसू न शकल्याने परत गेली त्यांना दुबळ्या मनाची ठरविण्याचा अधिकार मी स्वतःस देऊ शकत नाही.

ट्रिप्लेटच्या त्या दहा मुलांपैकी एक पुढे १९८४ साली शिवाजी पार्कवर उभा होता असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होईल, परंतु प्रसंग तसाच आहे. अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याचा थोरला भाऊ अजित रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. इतकी माणसे पाहत आहेत या विचाराने मुलगा गांगरला आणि त्याला धड खेळता आले नाही. चाचणी तेथेच संपावयाची होती. अजितने सरांना विनंती केली की आपण गेलात असे दाखवून दुरून पाहावे. सरांनी ती मानली, झाडाआडून पाहिले, आणि मुलाला ठेवून घेतले. एका अर्ध्या तासाच्या चाचणीने हा मुलगा घाबरट ठरला असता. दुसऱ्या अर्ध्या तासाने तो निर्भय ठरला. दोन्ही वेळा मुलगा तोच होता. पुढे वांद्र्याहून दादरपर्यंत येण्याजाण्याने तो थकतो हे पाहून त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी ठेवण्यात आले, शारदाश्रम शाळेत घातले गेले, आणि दिवसभराच्या सरावाच्या शेवटी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून सर त्याला बाद न होता खेळावयास लावीत. फेब्रुवारी १९८८ मध्ये विनोद कांबळीबरोबरची ६६४ धावांची भागीदारी सर्वांस ठाऊक आहे. तिच्यामागील काका-काकूंचे घर मात्र धावफलकावर लागत नाही.

वांद्रे ते दादर हे अंतर ज्या मुलास जड गेले त्याच्या तुलनेने विरार, पालघर, भाईंदरच्या मुलांना रोज किती अंतर कापावे लागते याचा विचार करावा. पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याच्या मैदानावर सरावास जात असे. १४ वर्षांचा होता तेव्हा त्याने हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या. शार्दूल ठाकूर पालघरचा. विरोधी शाळेकडून खेळताना त्याला बोरिवलीच्या दिनेश लाड सरांनी पाहिले, आपल्या शाळेत येण्यास सांगितले, आणि पालघर-बोरिवली हा प्रवास मुलाचा सगळा दिवस खाऊन टाकील हे ओळखून त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्याच लाड सरांनी त्यापूर्वी डोंबिवलीत आई-वडील आणि बोरिवलीत आजी-आजोबा अशा ओढाताणीत वाढणाऱ्या रोहित शर्माची शाळेची फी माफ करवून घेतली होती. खर्डेकरांचे गहाणखत आणि लाडांचे घर यांत पन्नासाहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण गोष्ट एकाच वंशातील आहे. खेळाडू मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे ठरते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथून आलेल्या कविता राऊतला किंवा साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावातून निघून २०१६ साली रिओच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत दहावी आलेल्या ललिता बाबरला धावण्याखेरीज दुसरा महागडा खेळ परवडलाच नसता. त्यांच्या चिवटपणाचे कौतुक करताना, साधनांच्या अभावी इतर खेळ त्यांना मुळातच बंद होते, हे विसरता कामा नये.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ साली सुमारे सव्वापाच लाख होती, ती २०११ साली आठ लाखांच्या वर गेली. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, आणि ज्या शेतांत कापणीनंतर हुतुतू खेळला जाई ती शेते उरली नाहीत. येथील ज्या मुलास क्रिकेट किंवा धावणे मनापासून शिकावयाचे आहे, त्यास बहुधा खांद्यावर पिशवी घेऊन विरारहून आधीच भरून आलेल्या गाडीच्या दारात जागा शोधावी लागते, आणि संध्याकाळी तशाच गर्दीतून परत येऊन अभ्यासास बसावे लागते. काही वर्षे हे करून जो टिकतो त्याच्याविषयी आपण म्हणतो की मुलगा जिद्दीचा आहे. तो असतोही. पण या चाळणीत जिद्दीबरोबर आणखी किती गोष्टी तपासल्या जातात ते पाहावे: घरात पहाटे डबा करून देणारे कोणी आहे काय, पासाचे पैसे आहेत काय, मुलगी असल्यास रात्रीच्या गाडीने एकटी येण्यास घरच्यांची संमती आहे काय. त्यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले की मूल खेळातून बाहेर पडते, आणि बाहेर पडण्याचे कारण म्हणून त्याच्या नावापुढे लिहिले जाते की त्याच्यात सातत्य नव्हते.

म्हणून महानगरपालिकेने क्रीडासंकुले बांधावीत, ती हवीतच, पण त्याबरोबर एक साधी तजवीज करावी असे मला मनापासून वाटते. उत्तनपासून घोडबंदरपर्यंतच्या प्रत्येक शाळासमूहास एक क्रीडाशिक्षक द्यावा, त्याची बदली निदान पाच वर्षे करू नये, आणि त्याच्याकडे हजेरीचे असे पुस्तक ठेवावे की ज्यात आलेल्या मुलांच्या धावा आणि वेळा यांच्या आधी, कोणते मूल यायचे थांबले आणि त्याच्या घरी जाऊन विचारल्यावर कारण काय कळले, हे लिहिलेले असेल. त्या पुस्तकाची वार्षिक तपासणी व्हावी, आणि कारण गाडीचे, फीचे किंवा डब्याचे निघाले तर त्याची तरतूद त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात व्हावी.